लांब पठाणाची होडी आणि कुलाब्याचे सुतार

एकट्या माणसाला घेऊन, वाटेत कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली होडी मुंबईत बांधली गेली, हे मुंबईतच फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचे नाव ‘सुहैली’. लांबी ३२ फुटांच्या आसपास, लाकूड साग, डोलकाठ्या दोन. १९६३ साली कुलाबा वर्कशॉपमध्ये तिचे काम सुरू झाले आणि १९६४च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. माझी सगळी नोकरी जहाजांचे तळ तपासण्यात गेली. होडी कोणतीही असो, माझी नजर आधी पाण्याखालच्या भागाकडे वळते. सुहैलीची थोरवीही मला तिथेच दिसते, तिच्या पठाणात.

पठाण म्हणजे होडीचा कणा. आजच्या बहुतेक यॉटना पोटाखाली मधोमध एक अरुंद, खोल पाते असते आणि सुकाणू मागे वेगळे लटकते. जुन्या घाटाच्या होडीत पठाण नाळेपासून निघून पार मागपर्यंत जातो आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बसवलेले असते. तरंगता ओंडका किंवा जाळे आडवे आले तरी सुकाणवाला पठाणाची आड असते. ओहोटीला धक्क्याला टेकवून ठेवली, तर अशी होडी स्वतःच्या पठाणावर उभी राहते आणि तळ घासून रंगवता येतो. शिडांचा मेळ नीट बसवला की ती सुकाणवाला हात न लावताही बराच वेळ आपली वाट धरून चालते. महिनाभराचे पाणी, तांदूळ, हत्यारे, पुस्तके भरली तरी तिची चाल फारशी बिघडत नाही. तिचे उणेही सांगायला हवे. ती जड असते, हलक्या वाऱ्यात रेंगाळते आणि बंदरात मागे घ्यायची म्हटले की नाकी नऊ आणते. पण ज्याला होडीतच राहायचे आहे, भर समुद्रात झोपायचे आणि शिजवायचे आहे, त्याने हे उणे पिढ्यान्‌पिढ्या पत्करले.

हा घाट हौशी लोकांनी घडवलेला नाही. तो पोटासाठी आणि जीव वाचवण्यासाठी समुद्रावर जाणाऱ्यांचा. नॉर्वेतल्या लार्विक गावी स्कॉटिश आईबापांच्या पोटी १८३२ साली जन्मलेला कॉलिन आर्चर वाटाड्यांच्या होड्या बांधत असे. ध्रुवप्रदेशाचा शोधक नान्सेन याचे जहाज ‘फ्राम’ही त्याचेच. वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला जाईल अशी होडी त्याने आखली आणि १८९३ साली तशी पहिली होडी समुद्रात उतरली. दोन्ही टोकांना निमुळती, रुंद पोटाची आणि लांब पठाणाची ही होडी, बाकीचे बंदरात परतत असताना बाहेर पडत असे. १९२०च्या दशकात अमेरिकेत विल्यम अॅटकिनने हाच घाट ३२ फुटांत बसवला आणि त्या आराखड्याचे नाव ‘एरिक’ ठेवले.

मुंबईत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इंग्लंडहून दुसऱ्याच एका होडीचा आराखडा मागवला होता; हाती पडला तो एरिकचा. तेवढ्यावर काम सुरू झाले. सुतारांकडे लाकूड तासायचे वाकस होते, दोरीच्या कमानीने फिरणारा, भोके पाडायचा सामता होता, आणि सागाचा रेषा ओळखणारे हात होते. वाकसाने फळी तासताना कारागीर तिच्यावर पाय रोवून उभा राहतो आणि पात्याचा घाव स्वतःच्या पावलापासून बोटभर अंतरावर पडू देतो. ढलपी निघते ती सारख्या जाडीची. ही विद्या मुंबईला नवी नव्हती. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली इथल्या गोदीत १८१७ साली सागाचे ‘ट्रिंकोमाली’ बांधले गेले आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे.

१४ जून १९६८ रोजी सुहैली नॉक्स-जॉन्स्टनला एकट्याला घेऊन इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाली. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत नऊ जण उतरले होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच, अटलांटिकमध्ये, तिच्या तळात पाणी येऊ लागले. पठाण आणि फळ्या जिथे भेटतात तो सांधा दोन्ही बाजूंनी उघडला होता. मी तळ तपासायला वाकतो तेव्हा पहिला हात याच सांध्यावर ठेवतो, कारण डोलकाठीचा सगळा दाब तिथेच उतरतो. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, श्वास रोखून फटीत कापूस ठासू लागला. वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा बुडी मारायची. मग त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा. त्यानंतर दक्षिणेच्या समुद्रात एका लाटेने होडी आडवी पाडली, केबिन जागची सरकली. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे यंत्रही मोडले. पुढचा अर्ध्याहून जास्त प्रवास मुख्यतः शिडांच्या आणि लांब पठाणाच्या भरवशावर झाला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच.

गंमत अशी की, त्याच दशकात या घाटाचे दिवस भरत आले होते. १९६३ साली आलेल्या ‘कॅल ४०’ या यॉटने अरुंद पाते आणि सुटे सुकाणू घेऊन मोठ्या शर्यती जिंकायला सुरुवात केली आणि बांधणारे तिकडे वळले. राहण्यासाठी होडी शोधणारे मात्र जुन्याच घाटापाशी थांबले. अॅटकिनच्या एरिकवरूनच १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात फायबरग्लासची ‘वेस्टसेल ३२’ निघाली आणि अनेक जोडप्यांनी घर विकून तिच्यात संसार थाटला. इंग्लंडच्या एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ साली बांधलेल्या, लांब पठाणाच्याच ‘वाँडरर ३’मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती होडी पुढे विकली गेली. शेवटी एका जोडप्याने जुनी म्हणून घेतली आणि कित्येक वर्षे तिच्यातच राहून दक्षिण जॉर्जियाच्या बर्फापर्यंत नेली. लांब पठाणाची जुनी होडी घेणारा आधीच्या मालकांची सगळी डागडुजीही विकत घेत असतो. माझ्या मते तीच तिची खरी कागदपत्रे.

२०१८ साली जुन्या शर्यतीची पन्नाशी साजरी करायला ‘गोल्डन ग्लोब रेस’ पुन्हा भरली. नियम स्पष्ट होते : होडी ३२ ते ३६ फुटांची, आराखडा १९८८पूर्वीचा, पठाण लांब आणि सुकाणू त्याच्या मागच्या कडेला. बंदरांच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या होड्यांना एकदम गिऱ्हाईक आले. कमांडर अभिलाष टॉमींसाठी गोव्याच्या अॅक्वेरियस शिपयार्डने सुहैलीच्याच आराखड्यावरून ‘थुरिया’ बांधली. त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात तिच्या काठ्या तुटल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण तिने त्यांना मदत येईपर्यंत पाण्यावर धरून ठेवले. २०२३ साली, याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, ते ‘रस्लर ३६’ या वापरलेल्या होडीतून दुसरे आले.

सुहैली काही वर्षे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, म्हणून मालकाने तिला २००२ साली बाहेर काढले. मी तिला संग्रहालयातच पाहिले होते. फलकावर आराखडाकाराचे, मालकाचे आणि शर्यतीचे नाव होते. तिला ज्यांनी तासले, त्यांच्यातल्या एकाचेही नाव नव्हते.

हे मला फार लागते. त्या सुतारांपैकी कोणी आज असेलच, तर वयाने नव्वदीच्या घरात असेल. पण त्यांची मुले-नातवंडे माझगाव, करंजा, उरण, वसईच्या वस्त्यांत असू शकतील. एखाद्या घरात जुने हजेरीपुस्तक असेल, मळलेला फोटो असेल, माळ्यावर वाकसही असेल. हे शोधण्याचे काम इंग्लंडच्या संग्रहालयाचे नाही, आपले आहे. ज्या शहराने त्या होडीचा पठाण घातला, त्याने तो घालणाऱ्यांची नावे नोंदवून ठेवावीत.