पहिल्या डोसाची साक्ष अपुरी

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषधांबद्दल एक मत पक्के रुजले आहे. ते मांडणारे जाणकार आहेत, म्हणून आधी त्यांचीच बाजू नीट सांगतो. औषध पेशीच्या पडद्यातील सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमच्या मार्गिकांना चिकटते, प्रवाह अडतो. औषध सुटले की मार्गिका मोकळी. दीर्घ सेवन म्हणजे हाच परिणाम, फक्त साठून वाढलेला. तेव्हा पेशीवर पाच मिनिटांत जे मोजले, तेच सहा महिन्यांनंतरही लागू. सुरुवातीचा ईसीजी चांगला आला एवढ्या भरवशावर अवसरी खुर्दचा एखादा रुग्ण मंचरच्या मेडिकलमधून महिन्याच्या महिन्याला गोळी नेत राहतो, तेव्हा तोही नकळत याच मताने चालत असतो.

लिडोकेनपुरते हे मत बव्हंशी खरे आहे. अमियोडॅरोनपाशी मात्र ते कोसळते. शिरेतून दिलेले अमियोडॅरोन लवकरच कॅल्शियम प्रवाह आणि अ‍ॅड्रिनलिनची उत्तेजना दाबते. ईसीजीवरचा क्यूटी हा अवधी मात्र फारसा लांबत नाही. आठवडेच्या आठवडे तोंडाने घेतल्यावर पोटॅशियम प्रवाह घटतात, पेशीचा विद्युत आवेग म्हणजे अ‍ॅक्शन पोटेन्शियल लांबतो आणि क्यूटीही उघड वाढतो.

'साठा वाढला, इतकेच' असे उत्तर येईल. त्याची परीक्षा 1970 सालीच झाली आहे. सिंग आणि व्हॉन विल्यम्स या संशोधकांनी सशांना सहा आठवडे अमियोडॅरोन दिले. अ‍ॅक्शन पोटेन्शियल लांबला. थायरॉइड काढून टाकलेल्या सशांतही असेच होते. आणि अमियोडॅरोनसोबत थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक दिले, तेव्हा हा परिणाम रोखला गेला. औषध तर शरीरात होतेच! केवळ मार्गिका अडवणे हेच कारण असते, तर थायरॉक्सिनने ते कसे टळावे? औषध संप्रेरकाच्या वाटेने पेशीची घडणच बदलत होते, हाच सरळ अर्थ. थायरॉइड हे एकमेव कारण आहे असे मी म्हणत नाही. औषध चरबीत मुरते, त्याचा चयापचयातून बनणारा अंशही क्रियाशील असतो. साठा खरा आहे. तो पुरेसा नाही.

दुसरा पुरावा पेंटामिडिनचा. ते ठोक्यांवरचे औषध नव्हे, जंतुसंसर्गावरचे. पण साक्ष मोलाची आहे. उपचारातल्या मात्रेत ते हर्ग नावाची पोटॅशियम मार्गिका तत्काळ अडवत नाही. पेशी रात्रभर त्यात ठेवल्या, की मार्गिका पडद्यापर्यंत पोचतच नाहीत आणि प्रवाह घटतो. पाच मिनिटांची चाचणी या औषधाला निर्दोष ठरवते. तो निकाल ग्राह्य मानायचा का, हे वाचकांनीच ठरवावे.

आता व्यवहार. अमियोडॅरोनच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यातले सहा-सात मिलिग्रॅम रोज सुटे होते. शरीराची, मुख्यतः थायरॉइडची, रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे हे किमान चाळीसपट झाले. गोळी बंद केल्यावरही औषध कित्येक आठवडे, कधी महिने अंगात राहते. म्हणून सुरुवातीच्या ईसीजीवर विसंबून चालणार नाही. साधारण दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी, वेळोवेळी ईसीजी, आणि धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर छातीचा एक्स-रे. गोळी लिहून देणाऱ्याने हे सारे त्याच कागदावर लिहून द्यावे.