शेजाऱ्यांनी शिकलेली शुश्रूषा

बचत गटाच्या बैठकीला एखादी सलग तीनदा आली नाही की आम्ही चौकशी करतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : सासूबाई अंथरुणाला आहेत. हप्ता ती लेकीच्या हाती पाठवते, स्वतः मात्र उंबरा ओलांडत नाही. हे एकटीचं ओझं गावानं वाटून घेतलं, असं कुठं झालंय का? केरळात झालंय, थोडंफार. आज तोच इतिहास सांगतो.

कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संस्था सुरू केली. बरं न होणाऱ्या दुखण्यात निदान वेदना कमी कराव्यात, हा हेतू. सुरुवातीला बहुतेक रुग्ण कॅन्सरचे होते. दवाखाना चालू लागला, पण ज्याला उठताच येत नाही तो बसनं येणार कसा? म्हणून १९९६ पासून डॉक्टर आणि नर्स घरी जाऊ लागले. तिथं त्यांना कळलं की आठवड्याचे सात दिवस, आणि त्यातला डॉक्टरचा वेळ अर्धा तास. बाकीच्या वेळेचं काय?

शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात याला उत्तर निघालं. तिथली कितीतरी मुलं आखाती देशांत कमवायला गेलेली, घरी म्हातारे आईबाप. १९९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं गावोगाव शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. आठवड्याला किमान दोन तास देईल त्याला शिकवायचं, असा नियम. शिक्षण सोळा तासांचं, शिवाय चार दिवस नर्सबरोबर घरोघरी फिरायचं. पदवीची अट नाही. विद्यार्थी आले, शेतकरी आले, घर सांभाळणाऱ्या बायाही आल्या.

शिकायचं काय? रुग्णाशी बोलायचं कसं, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं कसं. पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, कातडी कोरडी ठेवायची, नाहीतर माकडहाडावर जखम होते. ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून किती म्हाताऱ्यांच्या पाठी सोलल्या गेल्या असतील! इंजेक्शन, लघवीची नळी हे काम नर्सचं. तिथं शेजाऱ्यानं हात घालायचा नाही. शेजाऱ्यानं बघायचं ते दुसरंच : घरात तांदूळ आहे का, पोरांची शाळा सुटली का, औषध आणायला कोण जातं. पुढे कॅन्सरच्या जोडीला पक्षाघाताचे, म्हातारपणानं खंगलेले रुग्णही यादीत आले.

पैशाचं गणित आपल्या ओळखीचं वाटेल. मोठ्या देणगीची वाट बघत बसण्यापेक्षा गावातूनच लहान-लहान रकमा नेमानं गोळा केल्या. दुकानात डबे ठेवले. बहुतेक खर्च त्यातूनच निघाला. आमच्या मते या सगळ्यातली खरी कमाई हीच, कारण ज्याचा रुपया डब्यात पडला तो विचारायलाही येतो, त्या आजोबांकडे या आठवड्यात कोण गेलं होतं?

२००८ साली केरळ सरकारनं यासाठी स्वतंत्र धोरण काढलं, आणि पुढे ग्रामपंचायतींमार्फत नर्स घरी जाऊ लागल्या. एवढं होऊनही एक गोष्ट फारशी हलली नाही. नर्स येऊन जाते, शेजारीण तास-दोन तास बसते, पण रात्री दोन वाजता कूस बदलायला उठते ती बहुतेक घरांत सून किंवा लेकच. त्या गटांमुळे तिला दुपारी दोन तास झोप मिळाली, बाजारात जाता आलं. आम्हाला तर तेवढंही मोठं वाटतं.

पुढच्या भागात आरोग्य उपकेंद्रातली ताई पडून असलेल्या माणसाची कूस बदलण्याची रीत सांगणार आहे. तेव्हा एक जुनी चादर आणि दोन उशा जवळ घेऊन बसा.