ठोक्याचा उंबरठा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, तिचे वय अर्धशतकाहून थोडेच अधिक आहे. ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम. आणि त्यातही त्याचा एक लहानसा भाग, ज्याला वादक मंडळी ‘ट्रिगरची सेटिंग’ म्हणतात. कामगार चळवळीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाने वाद्यावर का बोलावे, अशी शंका कोणास येईल. वाद्य हे वादकाचे हत्यार आहे. आणि हत्याराने हातासाठी बदलावे की हाताने हत्यारासाठी, हा आमचा जुनाच प्रश्न आहे.

चामड्याच्या वाद्यात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तबलजी बैठकीपूर्वी हातोडीने गठ्ठे ठोकतो, ढोलकीवाला कड्या सारतो, आणि वाद्य सुरात येते. पुढे थाप पडली की कातडे हलते, कातड्याबरोबर हवा हलते, झाले! थाप पडली की नाही, याचा निवाडा वाद्याला करावा लागत नाही. बोटाची हलकी टिचकीही ऐकू येते.

इलेक्ट्रॉनिक ड्रमचे तसे नाही. त्याच्या पॅडखाली एक पातळ चकती असते. दाब पडला की काही स्फटिकांतून वीज निर्माण होते, हा शोध प्येर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली फ्रान्समध्ये लावला. ही चकती त्याच तत्त्वावर चालते. काठी आदळली की चकतीतून विजेची एक लाट निघते. पण लाट तर पॅडला धक्का लागला, शेजारचा पॅड वाजला किंवा ध्वनिक्षेपकाने रंगमंच हादरला तरीही निघते. तेव्हा यंत्राला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की, हा ठोका आहे की नुसता धक्का.

हा निवाडा करण्यासाठी जे नियम घातले गेले, त्यांनाच सेटिंग म्हणतात. पहिला नियम उंबरठ्याचा, म्हणजे थ्रेशोल्डचा : या मापाखालची लाट आत घ्यावयाचीच नाही. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा : आत आलेल्या लाटेला किती मोठे मानावयाचे. तिसरा स्कॅन टाइमचा : लाट उंबरठा ओलांडून आली की सेकंदाचे काही हजारांश थांबून तिचे सर्वांत उंच टोक पाहावयाचे. फार थांबले तर आवाज उशिरा येतो, फार घाई केली तर जोर चुकीचा मोजला जातो. चौथा मास्क टाइमचा : एक ठोका घेतल्यावर क्षणभर कान बंद ठेवावयाचे, म्हणजे एकाच ठोक्याच्या थरथरीचे दोन ठोके होत नाहीत, मात्र हा क्षण लांबला तर वादकाचे जलद बोल गिळले जातात. पाचवा क्रॉसटॉकचा : शेजारच्या पॅडची कुजबूज ऐकावयाची नाही. पाचही नियमांत एक गोष्ट समान आहे. खोटा ठोका बाहेर ठेवावयाचा कडक बंदोबस्त केला की थोडे खरे ठोकेही बाहेर राहतात.

आता इतिहास पाहू. इंग्लंडमधील ‘मूडी ब्लूज’ या वाद्यवृंदाचा ड्रमवादक ग्रॅमी एज याने ससेक्स विद्यापीठातील ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्या साहाय्याने असा एक संच बनविला, आणि त्याचा आवाज १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येतो. १९७६ साली अमेरिकेत जो पोलार्ड या ड्रमवादकाचा ‘सिनड्रम’ आला. १९८१ साली इंग्लंडच्या डेव्ह सिमन्स यांच्या कंपनीने षट्कोनी पॅडांचा ‘एसडीएस-फाइव्ह’ हा संच बाजारात आणला आणि तो जगभर गाजला. या पॅडांचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा होता. दंगलीच्या वेळी पोलीस ज्या ढाली धरतात, त्या याच द्रव्याच्या असतात. अशा कठीण पृष्ठावर रोज काठी आपटायची म्हटल्यावर जे व्हावयाचे तेच झाले : वादकांची मनगटे आणि कोपरे दुखू लागली. आवाज नवा मिळाला. त्याची किंमत हाडांनी मोजली.

१९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी ‘मिडी’ ही सामाईक भाषा मिळाली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचा तिच्यात मोठा वाटा होता. या भाषेत ठोक्याचा जोर १ ते १२७ या अंकांत लिहिला जातो. १९८५ साली रोलँडने आठ पॅडांचे ‘ऑक्टापॅड’ काढले. पुढे १९९७ साली त्याच कंपनीने जाळीचे पृष्ठ असलेला ड्रम आणला. जाळी खऱ्या कातड्यासारखी ताणता येई, काठी हलकेच परत उसळे, आणि मनगटाला विसावा मिळाला. हाताला यंत्राजवळ नेण्याऐवजी यंत्राला हाताजवळ आणावयास सोळा वर्षे लागली.

याच काळातील एक प्रकरण आमच्या चळवळीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्रिटनमधील वादकांची संघटना जुनी. तिची स्थापना १८९३ साली मँचेस्टर येथे झाली. १९८२ साली तिच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांवर बंदी घालावी असा ठराव केला. बंदी काही आली नाही. या ठरावाला आज हसणे सोपे आहे. पण त्यामागील भीती खोटी नव्हती. १९८० साली आलेल्या रॉजर लिन यांच्या ‘एलएम-१’ या यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज साठविलेले होते, आणि ते वादकावाचून वाजत. माझे म्हणणे एवढेच की बंदीच्या मागणीत एक महत्त्वाचा भेद हरवतो. हाताशिवाय चालणारे यंत्र वेगळे आणि हातानेच चालणारे यंत्र वेगळे. इलेक्ट्रॉनिक ड्रमला हात लागतो, आणि तो हात ज्या दारातून यंत्रात शिरतो, ते दार म्हणजे ट्रिगर.

आपल्या महाराष्ट्रात हे वाद्य ‘ऑक्टोपॅड’ या नावाने घरोघरी माहीत आहे. गाण्यांचे ऑर्केस्ट्रे, लग्नाच्या वराती, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, इतकेच काय, भजनाची मंडळेही ते वापरतात. वाद्य पुष्कळदा वादकाच्या मालकीचे नसते. भाड्याने आणलेले किंवा मंडळाचे असते, आणि त्याची सेटिंग आदल्या रात्री दुसऱ्याच कोणाच्या हाताप्रमाणे केलेली असते. रंगमंचावर मोठमोठे ध्वनिक्षेपक. त्यांच्या हादऱ्याने पॅड आपोआप वाजू नये म्हणून उंबरठा चढविलेला असतो. मग हलका ठोका ऐकूच येत नाही, आणि वादक रात्रभर दुप्पट जोर लावतो. उलट सेन्सिटिव्हिटी भरमसाट वाढविली तर हलका आणि भारी असे दोन्ही ठोके १२७ च होतात. अनेक वर्षे कमावलेला हात एका आकड्यावर येतो. मग आयोजक म्हणतो, “सगळे एकसारखेच वाजते आहे, तर माणूस कशाला? पेनड्राइव्ह लावा!” दोष सेटिंगचा, आणि पोट जाते वादकाचे.

याला उपाय अवघड नाही. प्रथम वादकाने आपला सर्वांत जोराचा ठोका मारावा आणि तोच काय तो १२७ पर्यंत पोहोचेल, इतकीच सेन्सिटिव्हिटी ठेवावी. नंतर ध्वनिक्षेपक पूर्ण आवाजात चालू ठेवून, पॅड आपोआप वाजावयाचे थांबतील तेवढाच उंबरठा चढवावा. त्यापुढे एक घरही नाही. हादरा फार असेल तर उंबरठा वाढविण्याऐवजी स्टँड ध्वनिक्षेपकापासून दूर न्यावा, त्याखाली जाड सतरंजी किंवा रबर घालावे. शेवटी जलद बोल वाजवून एकही गिळला जात नाही, याची खात्री करावी.

या सर्वाला पंधरा मिनिटे लागतात. तबलजीला ठोकपिटीसाठी इतका वेळ आपण बिनतक्रार देतो. ऑक्टोपॅडवाल्याला मात्र “बटण दाबा आणि सुरू करा” असे सांगतो. ही पंधरा मिनिटे वादकाच्या हक्काची आहेत. ती सौजन्यावर न सोडता कार्यक्रमाच्या करारात लिहिली जावीत, आणि त्या वेळात वाद्याला वादकावाचून कोणी हात लावू नये, अशी माझी सूचना आहे. या सभागृहात अनेक मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत. येत्या गणेशोत्सवापासूनच त्यांनी तिचा अवलंब करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.