डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढत जाऊन त्याच क्रमाने पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी विषम संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरील स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली, आणि या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांस तेथेच सुचली. ठाकूरद्वार-गिरगावच्या चाळींतील कित्येक बिऱ्हाडे पुढे ज्या गावी राहावयास गेली, त्या गावाचे नाव गणिताच्या दप्तरी असे कायमचे दाखल झाले आहे, हे तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवे.

ज्या संख्येच्या मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा वारंवार येतो, आणि जिच्या दोन्ही टोकांच्या भागांची बेरीजही त्याच अंकाची बनते, ती डेम्लो संख्या; उदाहरणार्थ २५५३, कारण २ + ३ = ५. प्रस्तुत संख्येत मधला अंक ९ असून १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ भरते.

या सौष्ठवाचे कारण गूढ नाही, आणि म्हणूनच ते अधिक मनोहर वाटते. गुणाकार मांडला असता एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली, अशा एकाखाली एक पडतात. उजवीकडून उभे रकाने मोजीत गेल्यास पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे नवव्यात नऊ एक सापडतात आणि तेथून उतरण लागते. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या पलीकडे जात नसल्यामुळे हातचा म्हणून घ्यावाच लागत नाही. दहा एकांचा वर्ग करताच मधल्या रकान्यात दहा जमून हातचा येतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशा उत्तरात तो डौल मोडतो.

संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे असून तिला एकंदर ४५ विभाजक आहेत. अंकांची बेरीज ८१ होते व ८१ ने संख्येस निःशेष भाग जातो. अर्थात ती कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांपैकी एक ठरते. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो. उलट ८१ ने गुणिले असता ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

सहा एकांच्या वर्गाची १२३४५६५४३२१ ही संख्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आलेली आहे. कापरेकरांचा या संख्यांवरील लेख १९३८ साली, तर के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेले विवेचन १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

नवाची मर्यादा ही दशमान पद्धतीची आहे, एकांच्या वर्गाची नव्हे. सोळाच्या पायावर हाच चढउतार पंधरा एकांपर्यंत अखंड राहतो, आणि जिज्ञासू वाचकाने तो गुणाकार कागदावर स्वहस्ते मांडून पाहावा.