रणांतला उपचारक पुरोहित

सोमाटणे फाट्याजवळच्या शिरगांवीं साईबाबांचें मंदिर आहे. लोक त्यास 'प्रतिशिरडी' म्हणतात. १९१८ सालीं समाधिस्थ झालेले साईबाबा शिरडीच्या धुनींतील उदी रोग्यांस देत. देवाचें नांव आणि दुखण्याचा उतारा एकाच हातून मिळावा, ही कल्पना आपणांस अशी घरची आहे. संगणकावरील अद्भुतरम्य खेळांतहि ती आढळते. पण तेथें ती निराळ्या वाटेनें आली.

१९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद व फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील पुरोहित मूळचा वैद्य नव्हे, तर पिशाच्चांस पिटाळणारा धर्मयोद्धा. पहिल्या पायरीवर त्यास एकहि मंत्र येत नसे. जखम भरून काढण्याची विद्या त्यापुढें मिळे. १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट' व २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' निघाले, दूरदूरचे खेळाडू आंतरजालावर एकत्र लढूं लागले, आणि उपचार हेंच पुरोहिताचें मुख्य काम ठरलें. दुसऱ्या खेळाच्या आरंभकाळीं ४० जणांची टोळी एका राक्षसावर चालून जाई. योद्ध्याची दृष्टि राक्षसावर. पुरोहिताची सोबत्यांच्या घटत्या आयुष्यरेषांवर.

कोणी मेलें नाहीं, एवढेंच त्याचें यश. म्हणून जयघोष योद्ध्याचा होतो, आणि पराभव झाला कीं पहिला जाब पुरोहितास विचारतात. आजाऱ्याच्या उशाशीं रात्री जागविणाऱ्या आपल्या घरांतील माणसांचीहि हीच कथा नाहीं काय? तरीहि कोणी तरी हें सोंग आपण होऊन घेतो, ही या इतिहासांतील विचार करण्याजोगी गोष्ट होय.