जड धक्क्याच्या शिकारी रायफली आणि नेमदुर्बिणीची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिकारीच्या शस्त्रांचा इतिहास बहुधा नळीचा व्यास, काडतुसाची शक्ती आणि शिकाऱ्यांचे पराक्रम यांभोवती फिरतो. नेम धरण्याच्या साधनाला त्यात दुय्यम स्थान मिळते. वास्तविक हत्ती, आफ्रिकी रानरेडा किंवा वाघ यांच्या शिकारीत पहिली गोळी कोठे लागते यावर प्राण्याच्या यातना आणि माणसाचे प्राण ही दोन्ही अवलंबून असत. शक्तिशाली रायफलीवर दुर्बीण बसविण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हता. रायफलीच्या मागे बसणाऱ्या धक्क्याने दुर्बिणीचे स्वरूप आणि तिच्या निवडीचे निकष कसे घडविले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दुर्बिणीचा उगम :

रायफलीवर दुर्बीण बसविण्याचे यशस्वी प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाले. न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील मॉर्गन जेम्स याने तयार केलेल्या दुर्बिणींची माहिती जॉन चॅपमन याच्या १८४८ च्या ग्रंथाने सर्वत्र पोहोचविली. सिरॅक्यूज येथील विल्यम माल्कम याने १८५५ पासून अधिक चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी बनविल्या. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूस बसविलेली डेव्हिडसन दुर्बीण वापरली. हे डेव्हिडसन मुंबई सैन्यात सेवा केलेले अधिकारी होते, हा उल्लेख महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पुढे १८८० मध्ये ऑस्ट्रियातील वनाधिकारी ऑगस्ट फीडलर याने शिकारीस उपयुक्त अशी दुर्बीण तयार केली आणि मध्य युरोपातील शिकाऱ्यांत तिचा प्रसार झाला.

या सुरुवातीच्या काळातील अनेक दुर्बिणी लांब, नाजूक आणि सौम्य धक्क्याच्या रायफलींसाठी होत्या. लक्ष्यवेधासाठी वापरल्या जाणाऱ्या काही अमेरिकी दुर्बिणी बार उडताच आपल्या पकडीत पुढे सरकत आणि प्रत्येक बारानंतर त्या हाताने मागे ओढाव्या लागत. धक्का भिंगांपर्यंत पोहोचू नये यासाठीची ही युक्ती मैदानावर चालून जाई. अंगावर येणाऱ्या रानरेड्यासमोर मात्र तेवढी उसंत कोणाला मिळणार होती?

शक्तिशाली काडतुसे आणि साधी माशी :

धूरविरहित दारूच्या शोधानंतर शिकारी रायफलींचे स्वरूप बदलले. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले. त्यात ४८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाने सुटे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींसाठी त्याचा उपयोग होईल या भीतीने ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत व सुदानमध्ये .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. परिणामी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे पुढे आली. १९११ मध्ये .४१६ रिग्बी आणि १९१२ मध्ये .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम यांची त्यांत भर पडली.

या काळातील ब्रिटिश दुनळी रायफलींवर सहसा दुर्बीण नसे. दाट झाडीत पन्नास यार्डांच्या आत बार टाकावा लागे. रुंद खाच आणि जाड माशी यांनी नेम झटकन धरता येई. शिवाय रायफलीचा दस्ताही साध्या माशीच्या उंचीनुसार घडविलेला असे. अशा दस्त्यावर उंच दुर्बीण बसविल्यास मान उचलावी लागे, गालाचा आधार सुटे आणि धक्का थेट चेहऱ्यावर येई.

धक्क्याचे गणित :

सुमारे आठ पौंडांच्या .३०-०६ रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा साधारण २० फूट-पौंड असते. नऊ पौंडांच्या .३७५ मॅग्नममध्ये ती ४० च्या आसपास, तर १९५६ मध्ये आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नममध्ये ६० फूट-पौंडांच्या घरात जाते. या ऊर्जेचे दुर्बिणीवर दोन परिणाम होतात. रायफल वेगाने मागे जाते, पण जडत्वामुळे दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते. तो सर्व ताण पकडीच्या कड्यांवर आणि बारीक स्क्रूंवर पडतो. दुर्बीण जितकी जड, तितका हा ताण अधिक. दुसरा परिणाम नेमबाजाच्या शरीरावर होतो. डोळा नेत्रभिंगाच्या फार जवळ असेल तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळून अर्धचंद्राकृती जखम होते. एकदा असा मार बसलेला शिकारी पुढच्या बाराला नकळत दचकतो आणि त्याचा नेम बिघडतो.

म्हणून नेत्रभिंग व डोळा यांमधील अंतर हा पहिला निकष ठरला. जड रायफलीसाठी ते साडेतीन ते चार इंच असणे इष्ट मानले जाते. हे अंतर वाढविताना दृष्टिक्षेत्र किंवा वर्धन यांपैकी कशाला तरी मुरड घालावी लागते. सुमारे दीडपट वर्धनात १०० यार्डांवर साधारण ६५ फूट रुंदीचा पट्टा दिसतो, चौपट वर्धनात तो सुमारे ३० फुटांवर येतो. जवळच्या, हलत्या प्राण्यासाठी कमी वर्धनच हितावह होते. वीस मिलिमीटरच्या वस्तुभिंगातून चौपट वर्धनातही पाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. त्यामुळे संधिप्रकाशातही अशी लहान व हलकी दुर्बीण पुरेशी ठरे. चाळिशी उलटलेल्या शिकाऱ्याला खाच, माशी आणि प्राणी तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीने ही अडचणही दूर केली.

विश्वासाचा प्रश्न :

तरीही अनुभवी शिकारी दीर्घकाळ साशंक राहिले. भिंगांवर आतून वाफ धरणे ही त्यांची मोठी तक्रार होती. पुढे अमेरिकेतील ल्यूपोल्ड कंपनीने नायट्रोजन भरलेली, वाफ न धरणारी दुर्बीण बाजारात आणली आणि या तक्रारीवर उपाय सापडला. पकडीच्या बाबतीत मध्य युरोपातील आकड्यांची पकड आणि न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊ कंपनीची बाजूची पकड यांनी वेगळाच मार्ग दाखविला. दुर्बीण क्षणात काढता यावी, साधी माशी वापरता यावी आणि दुर्बीण पुन्हा बसविल्यावर नेम पूर्वीच्याच जागी राहावा, अशी ही योजना होती. नव्या साधनाचा लाभ घेताना जुन्या साधनाची वाट मोकळी ठेवण्याचा शहाणपणा तीत दिसतो.

पहिल्या गोळीचे मोल :

डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजाराहून अधिक हत्ती मारले, तेही बहुतांशी .२७५ रिग्बीसारख्या लहान काडतुसांनी. गोळीच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची, हे त्यावरून दिसते. भारतातील उदाहरण अधिक दारुण आहे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या बंदुकीच्या गोळीने मोडलेले होते. नैसर्गिक शिकार अशक्य झाल्यामुळे ती नरभक्षक बनली आणि तिच्या बळींची संख्या ४३६ सांगितली जाते. कोणाच्या तरी चुकलेल्या नेमाची किंमत कुमाऊँ व नेपाळमधील गावकऱ्यांनी, त्या शिकाऱ्याला ठाऊकही नसताना, मोजली.

निष्कर्ष :

१. जड धक्क्याच्या रायफलीवरील दुर्बिणीचा विकास अधिकाधिक वर्धनाच्या दिशेने झाला नाही. पुरेसे नेत्रांतर, कमी वर्धन, हलके वजन आणि मजबूत पकड हे निकष धक्क्यानेच ठरविले.

२. दुर्बीण व साधी माशी ही परस्परांची प्रतिस्पर्धी नसून पूरक साधने ठरली.

३. दुर्बिणीने नेम स्पष्ट केला, परंतु बार टाकावा की नाही हा निर्णय तिने कधीच घेतला नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि केनियात १९७७ च्या बंदीने या शिकारीचा अध्याय संपला. आफ्रिकेतील काही देशांत ती नियमांच्या चौकटीत चालू राहिली. शस्त्र कितीही शक्तिशाली असले तरी जबाबदारी नेम धरणाऱ्या डोळ्याचीच असते, हे या साधनाच्या इतिहासातून स्पष्ट होते.