परीक्षण-ध्वनिक्षेपक, गृह-ध्वनिमुद्रणातील
ध्वनिमुद्रण चालू असताना किंवा वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र मिसळताना त्यांतील गुणदोष पारखण्यासाठी तंत्रज्ञ जो ध्वनिक्षेपक वापरतो, त्यास परीक्षण-ध्वनिक्षेपक म्हणतात. व्यवहारात ‘मॉनिटर’ हे नाव रूढ आहे. घरी संगीत ऐकण्याच्या ध्वनिक्षेपकाकडून श्रवणसुखाची अपेक्षा असते, तर परीक्षण-ध्वनिक्षेपकाकडून खरेपणाची. तो एक प्रकारे मोजमापाचे साधन असून त्यातील दोष ध्वनिमुद्रणात उलट रूपाने उतरतो. खर्जाचे स्वर क्षीण ऐकविणाऱ्या ध्वनिक्षेपकावर काम करणारा तंत्रज्ञ खर्ज नकळत वाढवितो व ते मुद्रण अन्यत्र घुमू लागते. अल्प खर्चात असे विश्वसनीय साधन कसे मिळवावे, हा प्रश्न घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांपुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात उभा राहिला. त्याचे उत्तर ध्वनिक्षेपकाच्या इतिहासात व ध्वनिकीच्या मूलतत्त्वांत सापडते.

इतिहास : चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे आधुनिक रूप चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये सिद्ध केले. बोलपटांमुळे मोठ्या व कार्यक्षम ध्वनिक्षेपकांची गरज निर्माण झाली आणि चित्रपटगृहांसाठी झालेल्या संशोधनाचा लाभ ध्वनिमुद्रण-कक्षांनाही मिळाला. १९४०–५० या दशकात अमेरिकेतील आल्टेक लॅन्सिंग कंपनीचा ६०४ हा सु. ३८ सेंमी. व्यासाचा समाक्ष ध्वनिक्षेपक आणि ब्रिटनमधील टॅनॉय कंपनीचा द्विकेंद्री ध्वनिक्षेपक प्रचारात आले. हे ध्वनिक्षेपक अवजड व महाग असून प्रशस्त कक्षांसाठीच योग्य होते.

लहान ध्वनिक्षेपकांचा उपयोग मात्र वेगळ्या कारणाने सुरू झाला. श्रोता घरातील रेडिओवर किंवा मोटारीत गाणे ऐकतो, तेव्हा त्याच्या कानी ते कसे पडेल, हे पाहण्यासाठी ऑराटोन कंपनीचा ५सी हा सु. १६ सेंमी. बाजूचा, एकाच शंकूचा ठोकळा १९७०–८० या दशकात मिश्रणकारांच्या मेजावर दिसू लागला. त्याच सुमारास बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्यप्रक्षेपणाच्या वाहनांतील अपुऱ्या जागेसाठी एलएस३/५ए हा छोटा ध्वनिक्षेपक तयार केला. सु. ११ सेंमी. व्यासाचा खर्ज-शंकू व लहान घुमटाकार तारध्वनिक्षेपक यांची ही जोडी मानवी आवाजाच्या अचूकपणासाठी नावाजली गेली. लहान आकार म्हणजे हलका दर्जा नव्हे, हे तिने दाखवून दिले.

यामाहा एनएस-१० : स्वस्त परीक्षण-ध्वनिक्षेपकाच्या इतिहासात यामाहा कंपनीच्या या ध्वनिक्षेपकाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. आकिरा नाकामुरा यांनी अभिकल्पित केलेला हा ध्वनिक्षेपक १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला. सु. १८ सेंमी. व्यासाचा पांढरा कागदी शंकू व सु. १० लि. घनफळाची बंद पेटी हे त्याचे विशेष होत. घरगुती श्रोत्यांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. त्याचा खर्ज तोकडा व मध्यसप्तक पुढे आलेले होते. मात्र बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्या मिश्रणकारांनी तो जवळ ठेवून वापरण्यास प्रारंभ केल्यावर जगभरच्या ध्वनिमुद्रण-कक्षांत त्याचा प्रसार झाला. तारस्वरांचा कर्कशपणा कमी करण्यासाठी काही तंत्रज्ञ त्यावर पातळ कागद चिकटवीत. १९८७ मध्ये कंपनीने कक्षांसाठी त्याची सुधारित आवृत्ती काढली. शंकूसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाल्याने २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

सदोष वाटणारा हा ध्वनिक्षेपक इतका उपयुक्त का ठरला, याचा अभ्यास फिलिप न्यूएल, कीथ हॉलंड व सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या मापनांनुसार (२००१) या ध्वनिक्षेपकातील ध्वनी, विशेषतः खर्ज, संकेत थांबताच त्वरित विरतो. छिद्रयुक्त पेटीत खर्ज अधिक खोलवर पोहोचतो, परंतु तो रेंगाळतो. बंद पेटीत तो कमी, पण नेमका असतो. जी माहिती मिळते ती विश्वासार्ह असल्यास मर्यादित साधनही उपयोगी पडते, हा यातील मुख्य धडा होय.

घरगुती ध्वनिमुद्रणाचा प्रसार : अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी घरच्या कक्षात बहुस्तरीय ध्वनिमुद्रणाचे प्रयोग केले होते, परंतु सामान्य कलावंतास ते शक्य झाले १९७९ मध्ये. त्या वर्षी टिॲक कंपनीचा चार पथांचा कॅसेट मुद्रक, पोर्टास्टुडिओ, विक्रीस आला. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा नेब्रास्का (१९८२) हा संग्रह अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाला होता. १९९२ पासून मिळू लागलेल्या अलेसिस एडॅट या आठ पथांच्या अंकीय मुद्रकाने आणि त्यानंतर संगणकाने हे काम अधिक सुलभ केले. भारतात ए. आर. रहमान यांनी चेन्नई येथे घराच्या आवारात उभारलेल्या कक्षात रोजा (१९९२) या चित्रपटाचे संगीत मुद्रित झाले.

याच काळात स्वतःचा विवर्धक अंगभूत असलेल्या ध्वनिक्षेपकांचा प्रसार झाला. फिनलंडमधील जेनेलेक कंपनी १९७८ पासून या प्रकाराची निर्मिती करीत होती. यात प्रत्येक शंकूस स्वतंत्र विवर्धक असतो व कंप्रतांची विभागणी विवर्धनापूर्वीच होते. त्यामुळे विवर्धक निवडण्याची चिंता उरत नाही. एकविसाव्या शतकात यामाहाची एचएस मालिका (२००५) व जेबीएल एलएसआर३०५ (२०१३) यांसारख्या प्रकारांनी हे तंत्र माफक किमतीत आणले.

निवडीची तत्त्वे : कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना ध्वनिक्षेपक न दाखवता चाचण्या घेतल्या (१९८५-८६). समोरून सपाट व बाजूंनाही सुरळीत कंप्रता-प्रतिसाद देणारे ध्वनिक्षेपक श्रोते सातत्याने पसंत करतात, असे त्यांत आढळले. त्यामुळे केवळ किंमत, नाव वा वॉट हे निकष पुरेसे नाहीत. छापील कंप्रता-मर्यादेबरोबर तीत होणारा चढउतार किती डेसिबेल आहे, हेही पाहावे लागते. तो दिला नसल्यास त्या मर्यादेस फारसा अर्थ राहत नाही.

शंकूचा व्यास खोलीनुसार ठरवितात. लहान खोलीत सु. १३ सेंमी. व्यासाचा शंकू बहुधा पुरतो. मोठ्या शंकूमुळे डग्ग्याचा घुमारा किंवा बेस गिटारचा सु. ४१ हर्ट्‌झचा खालचा स्वर अधिक भरीव येतो, पण लहान खोलीत तो खर्ज आवरता येत नाही. समोरासमोरच्या भिंतींत ३ मी. अंतर असल्यास सु. ५७ हर्ट्‌झला खोलीचे अनुस्पंदन होते. त्या कंप्रतेचा ध्वनी एके ठिकाणी फुगतो, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. ध्वनिक्षेपकाचे मुख मागील भिंतीपासून १ मी. दूर असल्यास परावर्तित लहर सु. ८६ हर्ट्‌झला मूळ लहरीच्या विरोधात येते. हे दोष खोलीचे असल्याने महागड्या ध्वनिक्षेपकानेही जात नाहीत.

म्हणून मर्यादित रकमेचा काही भाग खोलीवर खर्च करणे हितावह ठरते. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, तारध्वनिक्षेपक कानाच्या उंचीवर असावेत, पोकळ मेजाऐवजी भक्कम आधार द्यावा आणि प्रथम परावर्तनाच्या जागी व कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लावावेत. आवाजाची पातळी ठरावीक ठेवणेही आवश्यक असते, कारण पातळी कमी झाली की मानवी कानास खर्ज अधिक क्षीण वाटतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले होते.

अखेरीस कोणताही ध्वनिक्षेपक पूर्णतः निर्दोष नसतो. परिचयाची उत्तम ध्वनिमुद्रणे त्यावर वारंवार ऐकून त्याचा स्वभाव जाणून घेणे हा तंत्रज्ञाच्या साधनेचा भाग होय. एनएस-१० वरील कामाचे यश त्या पेटीइतकेच या परिचयाचेही होते. माफक किमतीचा, सुरळीत प्रतिसादाचा ध्वनिक्षेपक, नीट मांडलेली खोली व सरावलेला कान यांचा मेळ बसल्यास घरातील ध्वनिमुद्रण इतरत्रही तितक्याच खरेपणाने ऐकू येते.